मालकसाहेबांना जरा बाहेर बसवा: बीईई व्हेरिफिकेशनमधली माझी पहिली काही वर्षं

गेल्या दोन महिन्यांत तीन जणींनी मला सेम प्रश्न विचारला, की आम्ही जोहान्सबर्गला आलोय, बीकॉम झालंय, थोडं ऑडिटचं काम केलंय, आणि बीईई व्हेरिफिकेशन अ‍ॅनालिस्ट अशी जागा दिसतेय, तर हे नेमकं काय असतं आणि करावं का. बीईई म्हणजे ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंट, इथल्या कृष्णवर्णीयांना धंद्यात वाटा मिळावा म्हणून केलेला कायदा, आणि कंपनी तो किती पाळते ते तपासून मार्क देणं म्हणजे व्हेरिफिकेशन. प्रत्येकीला वेगळी व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी मूळची कोल्हापूरची, तिथे एका सीएंकडे आर्टिकलशिप केली, फायनल काही सुटली नाही, मग लग्न आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे. कामाचा परवाना हातात आल्यावर पहिला कॉल आला तो एका व्हेरिफिकेशन एजन्सीचा. मला वाटलं ऑडिटच आहे, व्हाउचर बघायची, टिक मारायची. पहिल्या आठवड्यात कळलं की नाही बाई, हे वेगळं प्रकरण आहे.

थोडक्यात बॅकग्राउंड. वर्णभेदाच्या काळात इथल्या कृष्णवर्णीय लोकांना जमीन, धंदा, चांगलं शिक्षण, वरच्या पोस्ट, सगळ्यापासून कायद्यानेच लांब ठेवलं होतं. १९९४ ला मताचा हक्क मिळाला पण पैसा होता तिथेच राहिला. म्हणून २००३ चा ब्रॉड-बेस्ड ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंट कायदा आला, २००७ ला त्याचे कोड्स, म्हणजे मार्क देण्याचे नियम, आले, २०१३ ला ते बरेच कडक केले. कंपनीला पाच गोष्टींवर मार्क मिळतात: मालकी, मॅनेजमेंट, स्किल्स, छोट्या ब्लॅक सप्लायरना मदत आणि सामाजिक खर्च. मार्कांवरून लेव्हल १ ते ८, १ सगळ्यात वरची. सरकारी टेंडर हवं असेल किंवा मोठ्या कंपनीला माल विकायचा असेल तर पहिला प्रश्न हाच, तुमची लेव्हल काय. एक कोटी रँडपर्यंत टर्नओव्हर असलेल्यांना फक्त अ‍ॅफिडेव्हिट पुरतं, पाच कोटींच्या वरच्यांना आमच्यासारख्या एजन्सीकडून तपासून सर्टिफिकेट घ्यावंच लागतं, ते वर्षभर चालतं. मधल्यांचं मालकीवर अवलंबून असतं. एजन्सीला मान्यता देते सॅनास ही संस्था. आधी ऑडिटर लोकही सर्टिफिकेट द्यायचे, २०१६ पासून ते बंद झालं.

आपल्या लोकांचा एक हमखास गैरसमज आधीच काढून टाकते. कायद्यात ब्लॅक म्हणजे आफ्रिकन, कलर्ड (मिश्र वंशाचे) आणि इंडियन. हे वाचून आपल्याला वाटतं अरे वा, आपण पण त्यात. नाही! इथले नागरिक पाहिजेत, तेही जन्माने किंवा वंशाने, नाहीतर २७ एप्रिल १९९४ च्या आधी नागरिकत्व मिळालेले, म्हणजे डरबनच्या ऊसमळ्यांवर आलेल्यांचे पणतू त्यात बसतात, तुम्ही-मी कालपरवा विमानाने आलेले बसत नाही. इथल्या तेरा आकडी आयडी नंबरचा अकरावा आकडा बघायची सवय लावा, ० असेल तर नागरिक, १ असेल तर नुसता पर्मनंट रेसिडेंट. माझ्या स्वतःच्या आयडीत तिथे १ आहे. पण ० दिसला म्हणून थांबू नका, नागरिकत्व कधी मिळालं ते त्या आकड्यात कळत नाही, ते विचारायला लागतं. एका फाईलमध्ये भारतातून २००३ ला आलेले एक गृहस्थ ब्लॅक शेअरहोल्डर म्हणून बसवले होते, बिचाऱ्यांना खरंच वाटत होतं की ते बसतात.

आता मुद्द्याचं. या कामात टेक्निकल गोष्टी सहा महिन्यांत येतात, एक्सेल शीट आहे शेवटी. अवघड जातं ते नैतिक प्रकरण, आणि ते मोठ्या फ्रॉडच्या रूपात येत नाही हो, ते फार गोड होऊन येतं.

पहिली गोष्ट, तुम्हाला पैसे तोच देतो ज्याला तुम्ही मार्क देता. हे मुळातच वाकडं आहे आणि त्याला इलाज म्हणून नियम आहेत: फी किती मार्क मिळाले यावर ठरवायची नाही, ज्या कंपनीला सल्ला दिला तिला तपासायचं नाही, आणि एजन्सीतल्या कोणाचा त्या कंपनीत शेअर किंवा नातेवाईक असेल तर त्याने फाईलला हात लावायचा नाही. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात क्लायंटचा फायनान्स मॅनेजर जाता जाता पार्किंगमध्ये विचारतो, अगं आमचे ८९.६ झालेत म्हणे, अजून काय केलं तर नव्वद होतील? ८० ते ९० लेव्हल ४, नव्वदला लेव्हल ३, म्हणजे त्याच्याकडून घेतलेला माल गिऱ्हाइकाला स्वतःच्या मार्कांसाठी शंभरऐवजी एकशेदहा टक्के खरेदी म्हणून मोजता येतो, त्याच्यासाठी ते ०.४ म्हणजे आख्खं कॉन्ट्रॅक्ट असू शकतं. आणि उत्तर तुमच्या तोंडावर असतं! दोन बर्सरी (शिष्यवृत्त्या) दाखवा, झालं. पण ते सांगितलं की तुम्ही सल्लागार झालात, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्याच सल्ल्याला मार्क देणार. कोडमध्ये काय लिहिलंय, कशाला किती मार्क आहेत, हे समजावून सांगायला हरकत नाही. तुम्ही हे करा असं म्हणायचं नाही. ही रेघ मी पहिल्या वर्षी दोनदा तरी ओलांडली असेन, मुद्दाम नाही, चांगुलपणा दाखवायच्या नादात.

मग ते म्हणतात दुसरी एजन्सी आम्हाला लेव्हल २ देतेय. जा म्हणावं. खरंच जातात काही जण, आणि तेव्हा ऑफिसात वातावरण थोडं गार होतं, कारण बिझनेस गेलेला असतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात, अशा दिवशी डबा पण जेवणाच्या टेबलावर न खाता डेस्कवर खावासा वाटतो.

दुसरी गोष्ट, गिफ्ट. डिसेंबरला हॅम्पर येतात, ते रिसेप्शनवरूनच परत जातात, सोपं आहे. मला अवघड गेली ती मिठाई. लेनेशियामधले एक क्लायंट, वयस्कर गुजराती काका, पहिल्याच दिवशी मला बेटा म्हणाले, काकूंनी घरून चहा पाठवला, आणि दिवाळीच्या आठवड्यात फाईल बंद व्हायच्या आधी दोन किलोचा डबा. परक्या देशात कोणीतरी दिवाळीचा डबा हातात देतंय आणि तुम्ही नाही म्हणायचं, घशात आवंढा येतो अक्षरशः. मी घेतला. गाडीत बसल्यावर मॅनेजरला फोन केला, ती म्हणाली परत करू नकोस आता, अपमान होईल, ऑफिसात आण, गिफ्ट रजिस्टरमध्ये लिही, आणि ती फाईल उद्यापासून दुसरं कोणीतरी करेल. फाईल गेली हातातून. काकांना अजून कळलेलं नाही की माझ्याऐवजी दुसरा मुलगा का आला, आणि मिठाई सगळ्यांनी खाल्ली, काजूकतली पहिली संपली.

आता शेअरहोल्डरची मुलाखत. जिच्याकडे अशी फाईल येईल तिने हा भाग नीट वाचावा.

फ्रंटिंग म्हणजे काय, तर कागदावर ब्लॅक माणूस आणि मागे सत्ता नि पैसा दुसऱ्याचा. माळी डायरेक्टर, ड्रायव्हर शेअरहोल्डर, हे किस्से तुम्ही ऐकालच. कधी मोठ्या लेव्हलला पण होतं. पासेंजर रेल एजन्सीने स्विफाम्बो नावाच्या कंपनीकडून साडेतीन अब्ज रँडची इंजिनं घेतली होती, इथल्या रुळांसाठी ती जास्त उंच निघाली म्हणून सगळ्यांना आठवतात, पण कोर्टाने २०१७ ला ते कॉन्ट्रॅक्ट रद्द करताना हेही म्हटलं होतं की स्विफाम्बो ही मागच्या परदेशी कंपनीची फ्रंट होती. असल्या बातम्या वाचून वाटतं आपल्याला लगेच ओळखू येईल. कसलं काय.

जर्मिस्टनला एक फॅब्रिकेशनची कंपनी, टर्नओव्हर पाच कोटींच्या वर, २६ टक्के शेअर एका माणसाच्या नावावर, पद लॉजिस्टिक्स डायरेक्टर. मी प्रश्नांची यादी घेऊन गेले, मालक शेजारी बसला, मी काही बोलले नाही. मी विचारलं डिव्हिडंड मिळाला का, मालक म्हणाला आम्ही सध्या पैसे धंद्यातच ठेवतो. मी विचारलं मीटिंगला असता का, मालक म्हणाला अर्थात. तो माणूस मान हलवत होता. मी सगळं टाईप करून फाईल वर पाठवली, आणि ती परत आली, माझ्या मॅनेजरने वर एकच ओळ लिहिली होती: ही उत्तरं कोणाची आहेत?

इतकी लाज वाटली ना.

परत गेले. या वेळी सोबत आमच्याच ऑफिसमधली झुलू बोलणारी मुलगी घेतली, कंपनीची एचआर दुभाषी म्हणून बसते म्हणाली तिला नको म्हटलं, आणि मालकाला म्हटलं सर तुम्ही प्लीज बाहेर थांबा. तो चिडला, पण उठला. दार लागल्यावर तो माणूस पाच मिनिटं त्याच्या मुलीच्या कॉलेजबद्दल बोलला, आम्ही बोलू दिलं. मग आम्ही शेअर सर्टिफिकेट दाखवलं, ही सही तुमची का. हो. हे कशाचे कागद आहेत माहितीये? तो म्हणाला मला वाटलं फ्युनरल पॉलिसीचे आहेत.

इथे बऱ्याच कामगारांकडे अंत्यविधीचा विमा असतो, त्यामुळे साहेबाने असले कागद सहीला देणं यात त्याला काहीच वेगळं वाटलं नव्हतं.

आम्ही त्याला काही समजावून सांगितलं नाही, ते आमचं काम नाही. तो बोलला ते शब्दशः लिहिलं, त्याच्यासमोर त्याच्या भाषेत वाचून दाखवलं. मालकीचे मार्क शून्य झाले, त्या एलिमेंटला चाळीस टक्क्यांची किमान अट आहे ती पण गेली म्हणून अजून एक लेव्हल खाली. आणि विषय इथे संपत नाही. कायद्यातलं कलम १३-ओ शोधून वाचा, व्हेरिफिकेशन करणाऱ्याला असा गुन्हा लक्षात आला आणि त्याने कळवलं नाही तर तो स्वतः गुन्हेगार, दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत कैद. कंपनीला तर वार्षिक टर्नओव्हरच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे मार्क कापले, आता मी सुटले, असं नसतं. आमच्या टेक्निकल सिग्नेटरीने, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याने, ते पुढे कळवलं.

पण रात्री झोप नाही आली. त्या माणसाची एकोणीस वर्षांची नोकरी होती. मालकाला कळणारच कोण बोललं ते, खोलीत तिघंच तर होतो. मी मॅनेजरला विचारलं त्याचं काय होईल, ती म्हणाली माहीत नाही. नंतर ती कंपनी आमच्याकडे आली नाही, त्यामुळे मलाही कळलं नाही.

बाकी बारीकसारीक. लर्नरशिपचं (म्हणजे काम करत शिकायच्या कोर्सचं) हजेरीपत्रक एकाच पेनने, एकाच तिरक्या सहीत, महिनाभराचं एका बैठकीत भरलेलं सहज ओळखू येतं, आपण पण कॉलेजात प्रॉक्सी लावलीच आहे की. लर्नरना फोन करताना नंबर एचआरने हाताने दिलेल्या यादीतून घेऊ नका, अ‍ॅग्रीमेंटवरून घ्या. लोकांच्या आयडीच्या कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, इथे पोपिया नावाचा वैयक्तिक माहितीचा कायदा आहे आणि तो आपल्याकडच्यासारखा सगळ्यांनी धाब्यावर बसवलेला नाही. कागद नाही म्हणजे मार्क नाही, क्लायंट कितीही भला असो. अंदाजाने मार्क दिले की पुढच्या वर्षी तोच क्लायंट तुम्हालाच दाखवतो, मागच्या वेळी तर चाललं होतं. आणि पार्किंगमधलं बोलणं पण तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, मी एक साधी दोनशे पानी वही वापरते.

शिक्षणाचं म्हणाल तर बीईईचा मॅनेजमेंट डेव्हलपमेंट प्रोग्राम असतो, युनिसा किंवा विट्स या इथल्या युनिव्हर्सिटींकडे चौकशी करा, लगेच लागतो असं नाही पण वर जायचं तर करावाच लागतो. आपली आर्टिकलशिप इथे डिग्री म्हणून कोणी मोजत नाही, पण सॅम्पलिंग आणि वर्किंग पेपरची सवय फार उपयोगी पडते.

इंटरव्ह्यूला एक प्रश्न हमखास येतो. मला विचारलेलं, क्लायंटने मार्क वाढवायला सांगितलं तर काय करशील. मी पटकन म्हटलं सिनिअरला सांगेन. समोरच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, बरं, आणि सिनिअरनेच सांगितलं असेल तर? मी गप्प बसले, खरंच काही सुचलं नाही, बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं गेली नोकरी. दोन दिवसांनी ऑफर लेटर आलं. त्या बाई म्हणजेच माझी मॅनेजर, आणि अजून तिने मला सांगितलेलं नाही की त्या दिवशी का घेतलं.