दिव्यांग कार्ड आहे, तरी अर्ज का फेटाळला जातो? या चुका टाळा

"प्रमाणपत्रावर ५२ टक्के लिहिलेत, मग पेन्शन का नाही?"

मी लोकांचे अर्ज भरून द्यायला बसतो, त्या टेबलावर हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, असतं. कार्ड खरं असतं, टक्केवारीही खरी असते. पण कार्ड एवढंच सांगतं की तुम्हाला कोणतं दिव्यांगत्व आहे आणि किती. लाभ द्यायचा की नाही हे ती ती योजना ठरवते, आणि प्रत्येक योजनेचा प्रश्न वेगळा असतो.

चाळिशी गाठली की सगळं मिळतं, हा समज

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यातलं एखादं ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ते 'लक्षणीय दिव्यांगत्व'. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण या रेषेच्या वर सुरू होतं. म्हणून '४०' हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. पुढचे आकडे मात्र कुणी सांगत नाही.

केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के लागतात, वय १८ ते ७९ लागतं, आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं. ५२ टक्केवाले काका इथेच अडकले होते. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत ४० टक्के चालतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं आणि राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य हवं. काकांचा अर्ज आम्ही तिथे नव्याने लावला. एसटीत दिव्यांग प्रवाशाला सवलत मिळते, पण सोबतच्या मदतनीसाला मिळायची तर दिव्यांगत्व ६५ टक्के लागतं. आयकरात ४० टक्क्यांना ७५ हजारांची वजावट आणि ८० आणि वर सव्वा लाखाची. तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. नवी प्रणाली घेऊन वर्षाच्या शेवटी 'कापले कसे?' म्हणत येणारे पगारदार लोक दरवर्षी भेटतात.

कार्डाच्या रंगावरूनही अंदाज येतो. पांढरं म्हणजे ४० च्या खाली, पिवळं ४० ते ८० च्या आत, निळं ८० आणि वर.

रेल्वेचं गणित तर टक्क्यांचं नाहीच. हाडांशी संबंधित दिव्यांगत्व असेल तर रेल्वे विचारते, 'सोबतीशिवाय प्रवास करता येतो का?' येत असेल, तर टक्के कितीही असोत, सवलत नाही. दृष्टी पूर्ण गेलेली हवी. ऐकू न येणाऱ्याला बोलताही येत नसेल, तरच त्याची सवलत लागू होते. यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला सरकारी डॉक्टरांचा दाखला वेगळा घ्यावा लागतो. ऐन प्रवासाच्या दिवशी खिडकीवर यूडीआयडी दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही.

घरच्या घरी टक्क्यांची बेरीज

पायाचे ३० आणि कानाचे ३०, म्हणजे ६० झाले ना? नाही झाले. दोन दिव्यांगत्वं असली की डॉक्टर एक सूत्र लावतात. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, आलेल्या संख्येला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. ३० आणि ३० चे होतात ५०.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. पायाचे ३० टक्के निघाले म्हणून हात झटकून घरी बसलेल्या माणसाला ऐकूही कमी येत असेल, आणि तिथे समजा २० टक्के निघाले, तर सूत्राने बेरीज ४३ वर जाते. म्हणजे तो रेषेच्या वर आला. पण कानाची तपासणी कुणी मागितलीच नव्हती! अर्ज करतानाच सगळे त्रास लिहा. 'एकाच गोष्टीचं सांगू, नाहीतर खोटं वाटेल' हा संकोच महागात पडतो.

तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर आजाराचं नाव सांगणं, अडचण न सांगणं

दिव्यांगत्व आजाराच्या नावावरून ठरत नाही. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही आणि दुसरा चांगला आहे, तर नियमाप्रमाणे होतात ३० टक्के. एकच कान गेला असेल तरी कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. दोन्ही कानांना किमान ६० डेसिबलचा तोटा लागतो. ऐकायला कठोर वाटतं, पण आधी माहीत असलं तर फेऱ्या वाचतात.

मानसिक आजारात गोची वेगळीच. तिथे माणूस स्वतःची काळजी घेतो का, लोकांशी कसा वागतो, बोललेलं समजतं का, काम जमतं का आणि आजार किती काळचा आहे, याला गुण देतात. मागे एक आई मुलाला घेऊन गेली होती. आत म्हणाली, "नाही हो डॉक्टर, सगळं आपलं आपण करतो." बाहेर आल्यावर मी विचारलं, अंघोळ? "ती होय, बादली भरून पुढ्यात ठेवून उभं राहावं लागतं, नाहीतर चार-चार दिवस करत नाही." ती बादलीच आत सांगायची होती. चारचौघांत मुलाची इज्जत राखायची हा तिचा स्वभाव, तिला दोष कसा देणार? पण जाण्याआधी एक साधा कागद करा. सकाळी उठल्यापासून कोणत्या कामाला कुणाची मदत लागते, ते वेळेनुसार लिहा आणि वाचून दाखवा. उपचारांची जुनी कागदपत्रंही तारखेप्रमाणे लावून न्या.

कागदांची भानगड

इथे नवीन काही नाही, तरी सर्वांत जास्त अर्ज यातच पडतात. आधारवर एक नाव, कार्डावर दुसरं, पासबुकावर तिसरं. बँक खात्याला आधार जोडलेलं नाही म्हणून मंजूर पैसेही येत नाहीत. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपला. प्रमाणपत्र तात्पुरतं होतं, त्यावर मुदत छापलेली होती आणि ती कुणी वाचलीच नाही. मुदतीच्या दोन-तीन महिने आधीच फेरतपासणीच्या मागे लागा.

मूल १८ वर्षांचं झालं, आता काय?

बरेच पालक धरून चालतात की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या वतीने आयुष्यभर आपणच सही करू शकतो. अठरा पूर्ण झाली की पालकत्व आपोआप चालू राहत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही याच चौघांसाठी आहे. पायाने अधू असलेले लोक तिचे फॉर्म विचारत येतात आणि नाराज होऊन जातात.

नकार आला की गप्प बसणं, किंवा तोच अर्ज पुन्हा टाकणं

प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मिळणं हा तुमचा हक्क आहे. 'साहेब नाही म्हणाले' हे कारण नव्हे. टक्केवारी मान्य नसेल, तर निर्णयापासून ९० दिवसांत राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. योजनेचा अर्ज फेटाळला असेल, तर कोणत्या अटीवर फेटाळला ते आधी काढा. ती अट टक्क्यांची असेल तर बोर्डाकडे जावं लागेल, उत्पन्नाची असेल तर तहसीलला. आणि नकाराच्या कागदाची झेरॉक्स काढून मूळ प्रत घरी ठेवा, कारण अपिलाच्या वेळी सगळ्यांत आधी तीच मागतात.