विझर्डचे बळ कसे वापरावे

रविवारी संध्याकाळी इंदूरच्या रामबागेतल्या एका घराच्या माडीवर आम्ही पाच-सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, एकेक पात्र रंगवत खेळायचा गोष्टीचा खेळ खेळायला जमतो. तिथे विझर्ड, म्हणजे मंत्र टाकणारे पात्र, घेऊन बसलेला नवा खेळाडू बहुधा दुसऱ्याच बैठकीत हिरमुसतो, असा माझा अनुभव आहे. हातातून वीज कोसळेल या अपेक्षेने त्याने पात्र निवडलेले असते, आणि पहिल्या लेव्हलला पदरात पडतात ते दिवसाला अवघे दोन स्लॉट (एक स्लॉट म्हणजे एकदा मंत्र टाकण्याची मुभा), बिनचिलखती अंग आणि कॉन्स्टिट्यूशन (अंगाचा काटकपणा) चांगले असले तरी सात-आठच हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा). शेजारी बसलेला योद्धा प्रत्येक फेरीत तलवार चालवत असताना याचे दोन मंत्र पहिल्या चकमकीतच संपतात. दोष पात्राचा नसतो. विझर्डचे बळ लढाईत शोधले जाते, आणि ते असते लढाईच्या आधी घेतलेल्या निर्णयांत.

पुढील आकडे २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत काही मंत्र बदलले असून ‘स्लीप’ हा त्यांपैकीच एक आहे, त्यामुळे आपल्या टेबलावर कोणते पुस्तक चालते हे डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला, आधी विचारून घ्यावे. पुस्तक विकत घ्यायचे नसेल तर जुन्या नियमांचा गाभा असलेला दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. गोंधळ टाळण्यासाठी मी पात्राच्या पायरीला लेव्हल आणि मंत्राच्या पायरीला दर्जा असे म्हणतो.

सर्वांत आधी स्पेलबुक, म्हणजे विझर्डची मंत्रांची वही, समजून घ्यावे. आमच्याकडे त्याला पोथी म्हणतात आणि तो शब्द चपखल आहे, कारण पोथीत असलेले सगळेच रोज म्हटले जात नाही. सुरुवातीला पोथीत पहिल्या दर्जाचे सहा मंत्र असतात आणि पुढे प्रत्येक लेव्हलला दोन नवे मंत्र आपोआप मिळतात, म्हणजे विसाव्या लेव्हलपर्यंत काहीही न शोधता ४४ मंत्र जमा होतात. सॉर्सरर या मंत्र टाकणाऱ्या दुसऱ्या पात्राला त्याच लेव्हलला १५ मंत्र येतात आणि ते तो रोज बदलू शकत नाही. विझर्ड मात्र प्रत्येक मोठ्या विश्रांतीनंतर, आपली लेव्हल आणि इंटेलिजन्सचा (बुद्धीचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणावरून मिळणारी भर, यांच्या बेरजेइतके मंत्र पोथीतून नव्याने निवडतो. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री त्याच बंद दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस मिळतो. जागा तीच, पण वेळ पाहून धंदा बदललेला. विझर्डची सकाळ अशी असावी. आज दरबारात बोलणी आहेत की दलदलीतून वाट काढायची आहे, हे आदल्या बैठकीच्या शेवटी डीएमला विचारावे आणि यादी घरूनच करून आणावी. टेबलावर बसून यादी करणाऱ्या विझर्डमुळे बाकीच्यांचा चहा थंड होतो.

पहिले सहा मंत्र निवडताना बहुतेकांची चूक होते ती इथे. इंटेलिजन्स १६ असेल तर पहिल्या लेव्हलला चार मंत्र तयार ठेवता येतात, मग उरलेले दोन वाया जातात असे वाटते. तसे होत नाही, कारण ज्या मंत्रांवर ‘रिच्युअल’ अशी खूण असते ते विझर्डला तयार न ठेवताही, नुसते पोथीत पाहून, करता येतात. त्याला नेहमीपेक्षा दहा मिनिटे जास्त लागतात आणि स्लॉट खर्च होत नाही. म्हणून चार मंत्र तयार ठेवण्याजोगे आणि दोन रिच्युअल असा हिशेब ठेवावा. माझी निवड स्लीप, शील्ड, मेज आर्मर आणि मॅजिक मिसाइल अशी असते, आणि सोबत फाइंड फॅमिलियर व डिटेक्ट मॅजिक. दुसऱ्या लेव्हलला आयडेंटिफाय आणि कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस घेतले की सापडलेली अंगठी कसली आहे आणि भिंतीवरचा मजकूर काय सांगतो, हे दोन्ही प्रश्न फुकटात सुटू लागतात. आयडेंटिफायसाठी १०० सुवर्णनाण्यांचा मोती लागतो, पण तो संपत नाही.

या सहांत फाइंड फॅमिलियरला मी सर्वांत वरचे स्थान देईन. एक तास आणि १० सुवर्णनाण्यांचे साहित्य खर्चून घुबड, मांजर किंवा कोळी यांच्यासारखा एक सोबती मिळतो, आणि १०० फुटांच्या आत असेपर्यंत त्याच्या डोळ्यांनी पाहता येते. दाराच्या फटीतून कोळी आत पाठवून पलीकडे किती पहारेकरी आहेत हे मोजून येणारा विझर्ड त्या दिवशी एकही मंत्र न उच्चारता सर्वांत उपयोगी ठरलेला असतो. तिसऱ्या दर्जाचा ‘टायनी हट’ही रिच्युअल आहे. त्याच्या घुमटात आठ तास निर्धास्त झोपता येते, आणि पाचव्या लेव्हलनंतर रानात मुक्काम करणाऱ्या मंडळींना याच्याइतकी स्वस्त धर्मशाळा दुसरी नाही.

आता लढाई. विझर्डने शत्रू मारण्यापेक्षा शत्रूंची संख्या कमी करण्याकडे पाहावे. या दोन गोष्टी एक नव्हेत. स्लीपमध्ये आठ बाजूंचे पाच फासे टाकून येणाऱ्या बेरजेइतक्या हिट पॉइंटचे शत्रू झोपी जातात, आणि ही बेरीज सरासरीने साडेबावीस येते. गॉब्लिन या किरकोळ राक्षसाचे हिट पॉइंट साधारण सात, म्हणजे एका स्लॉटमध्ये तीन गॉब्लिन आडवे. मॅजिक मिसाइलचे तीन बाण कधी चुकत नसले तरी त्यांचे सरासरी नुकसान साडेदहाच असते. मात्र स्लीप कमी हिट पॉइंटवाल्यापासून वर चढत जातो, त्यामुळे त्याच्या घेरात आपला जखमी सोबती असेल तर सर्वांत आधी तोच घोरू लागेल. प्रेतयोनीतल्या शत्रूंवर तो चालत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या लेव्हलनंतर त्याचा जोर ओसरतो. तेव्हा त्याची जागा ‘वेब’ला द्यावी. त्याचे २० फुटांचे जाळे अरुंद बोळात अडकवले की सहा जणांच्या टोळीतले दोघेच एका वेळी आपल्यापर्यंत पोहोचतात.

फायरबॉलविषयी सर्वांनाच ओढ असते आणि मलाही होती. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ नुकसान, आणि २० फूट त्रिज्येचा स्फोट. पाचव्या लेव्हलला तो हाती आल्या दिवशीच मी तो एका जुन्या ग्रंथालयात टाकला. खोली होती तीस फूट बाय तीस फूट आणि स्फोट चाळीस फूट व्यासाचा. शत्रू मेले, आमचा रोग (चोरपावलांनी वावरणारे पात्र) बेशुद्ध पडला, आणि कुणाच्या अंगावर वा हातात नसलेल्या ज्वालाग्राही वस्तू पेटतात या नियमानुसार मांडण्यांवरच्या सगळ्या गुंडाळ्या जळाल्या. त्यांत माझ्या पोथीत उतरवता येतील असे दोन मंत्र होते, हे डीएमने नंतर पोहे खाताना सांगितले. त्याच दर्जाचा हिप्नॉटिक पॅटर्न वापरला असता तर ३० फुटांच्या घनात सापडलेले आणि सेव्ह (मंत्रातून सुटण्यासाठी टाकायचा फासा) चुकलेले शत्रू मिनिटभर जागीच थिजले असते. त्यांना इजा झाली किंवा कोणी हलवले की ते भानावर येतात, म्हणून हा मंत्र टाकण्याआधी सोबत्यांना ‘एकेकालाच गाठा’ असे मोठ्याने सांगावे.

वेब आणि हिप्नॉटिक पॅटर्न दोन्ही एकाग्रतेवर चालतात, आणि एकाग्रता एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येते; दुसरा सुरू केला की पहिला विरतो. फटका बसला तर १० किंवा नुकसानीच्या निम्मे, यांपैकी जे मोठे असेल त्याविरुद्ध कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह द्यावा लागतो. म्हणून इंटेलिजन्सच्या खालोखाल कॉन्स्टिट्यूशनला आणि मग डेक्स्टेरिटीला (चपळाईला) गुण द्यावेत. डेक्स्टेरिटी १४ असताना मेज आर्मरने आर्मर क्लास (फटका लावायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) आठ तास १५ राहतो, आणि ऐनवेळी शील्ड टाकले की पुढच्या आपल्या पाळीपर्यंत तो २० होतो. शील्डसाठी एक स्लॉट नेहमी राखून ठेवावा. पहिल्या लेव्हलला हे जड जाते, पण दोनांतला एक राखणे म्हणजे कंजूषपणा नव्हे.

स्लॉट संपल्यावर छोट्या विश्रांतीत दिवसातून एकदा आर्केन रिकव्हरी वापरता येते. लेव्हलच्या निम्मे, अपूर्णांक वर धरून, इतक्या एकूण दर्जाचे स्लॉट परत मिळतात. पाचव्या लेव्हलला ती बेरीज तीन होते, म्हणजे तिसऱ्या दर्जाचा एक अख्खा स्लॉट. छोटी विश्रांती मागायला विझर्डने लाजू नये.

शाखा, म्हणजे जादूचा आपला खास प्रकार, दुसऱ्या लेव्हलला निवडायची असते. नवख्याने इव्होकेशन घ्यावे, कारण फायरबॉलसारख्या स्फोटातून ठरावीक सोबत्यांना पूर्णपणे वगळता येते. ते आधी वाचले असते तर आमचा रोग बेशुद्ध पडला नसता. स्वतः मी आता डिव्हिनेशन घेतो. त्यात रोज सकाळी वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून ठेवायचा आणि दिवसभरात कुणाच्याही फाशाऐवजी ते आकडे द्यायचे असतात. सकाळी आलेला २ शत्रूच्या महत्त्वाच्या सेव्हच्या वेळी पुढे सरकवण्यातले सुख मोठे आहे.

राहता राहिली पोथीची काळजी. सापडलेला मंत्र उतरवायला प्रत्येक दर्जामागे दोन तास आणि ५० सुवर्णनाणी लागतात, त्यामुळे लुटीच्या वाटणीत विझर्डने तलवारीऐवजी रोकड मागावी. पोथी हरवली तर त्या दिवशी तयार असलेले मंत्रच पुन्हा लिहिता येतात, बाकीचे गेले. आपल्याच पोथीची दुसरी प्रत काढायला मात्र दर्जामागे एक तास आणि १० नाणी पुरतात. तिसऱ्या लेव्हलच्या आसपास गावात चार दिवस मुक्काम पडला की ती प्रत काढून घ्यावी, आणि ती आपल्या पिशवीत न ठेवता योद्ध्याच्या पिशवीत ठेवावी.