एलएलएमचा विषय ठरवण्याआधी

एलएलबीचा शेवटचा पेपर झाला की लगेच एलएलएमचा, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, विषय ठरवायच्या तयारीला लागा. फॉर्म भरायच्या दिवशी मैत्रिणीने कुठला विषयगट घेतला ते बघून आपलाही ठरवणारी हुशार मुलं दरवर्षी दिसतात आणि वाईट वाटतं.

आधी एलएलएम कशासाठी करायचं ते एका ओळीत कागदावर लिहा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एलएलबीवर मिळते, कोर्टात उभं राहायला एलएलएम लागत नाही. कॉलेजात शिकवायचं असेल तर एलएलएमला ५५ टक्के आणि पुढे नेट किंवा सेट, हे डोळ्यांसमोर ठेवा. न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. त्यात एलएलएमची एक-दोन वर्षं कशी बसवणार, याचा हिशेब घरच्यांसोबत बसून मांडा.

मग निकालपत्रं वाचा. माझ्या मते खरी तयारी हीच. मनात असलेल्या प्रत्येक विषयाचं एक निकालपत्र मुळातून वाचायचं, गाइडमधला सारांश नाही. बौद्धिक संपदेसाठी नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यातलं २०१३ चं निकालपत्र घ्या. कर्करोगावरच्या इमॅटिनिबचं बीटा स्फटिकरूप आधीच्या रूपापेक्षा गुणकारी आहे का, पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मधल्या गुणकारितेचा अर्थ काय, यावर पानंच्या पानं आहेत. तिथे कंटाळलात तर वेळीच कळलं, हे बरंच झालं. रमलात तरी एक गोष्ट तपासा: पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, बीए एलएलबीवाल्यांना ती देता येत नाही. फौजदारीसाठी अटकेच्या नियमांवरचा २०१४ चा अर्नेश कुमार खटला वाचा. छोटा आहे. वाचून झाल्यावर त्यातलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१-अ तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कुठे गेलं ते स्वतः शोधा (कलम ३५ मध्ये सापडेल). संविधानासाठी खासगीपणाच्या हक्कावरचा नऊ न्यायमूर्तींचा पुट्टस्वामी, २०१७. कंपनी आणि दिवाळखोरीसाठी दिवाळखोरी संहितेच्या वैधतेवरचा स्विस रिबन्स, २०१९. यातलं कुठलं वाचताना, कोणी न सांगता, त्यात उल्लेखलेला पुढचा खटला उघडावासा वाटला? त्या विषयापुढे खूण करा.

आता कॉलेज. माहितीपत्रकात सहा गट छापलेले असतात, पण मुलं कमी आली की त्यातले काही सुरूच होत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी प्रत्यक्ष कोणते गट चालले, ते आत्ता शिकत असलेल्यांनाच विचारा. लघुप्रबंधाला मार्गदर्शक कोण मिळेल, त्यांनी त्या विषयात काय लिहिलंय, हेही बघा. शक्य असेल तर ग्रंथालयात एक दुपार काढा. तुमच्या विषयाची नियतकालिकं येतात का आणि खटल्यांचा डेटाबेस विद्यार्थ्यांना वापरू देतात का, एवढं बघून या. दोन बरोबरीचे विषय उरले, तर जिथे मार्गदर्शक चांगले तो घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते: १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात लघुप्रबंधाला फार थोडे महिने मिळतात, तेव्हा त्याचा विषय प्रवेशाआधीच डोक्यात असू द्या.

गुणपत्रकं, मायग्रेशन, जातवैधता एका फाइलमध्ये लावा आणि नॉन-क्रीमी लेयरवरची मुदत आजच बघा. संपत आली असेल तर सेतू केंद्रात उद्याच अर्ज टाका.