दुसऱ्यांची कागदपत्रं टाइप करता? मग वर्डमधली ‘रीसेंट’ यादी पुसत जा

मी टायपिंगची कामं घेते. राजीनामे, मृत्युपत्रं, घटस्फोटाच्या अर्जांचे मसुदे, असं बरंच काही. मजकूर तपासायला माणूस शेजारी खुर्ची ओढून बसतो आणि वर्ड उघडल्याबरोबर समोर येते ती आधी उघडलेल्या फाइलींची यादी. फाइल उघडून वाचायचीही गरज पडत नाही. एखादं आडनाव आणि त्यापुढे ‘मृत्युपत्र दुरुस्त’ एवढं दिसलं, की एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात पोचते. नावाखाली फोल्डर आणि बाजूला तारीख असते, ती वेगळीच. म्हणून काम सोपवलं की यादीतून नाव काढणं हा मी त्या कामाचाच भाग धरते.

नाव यादीतून काढल्याने फाइल पुसली जात नाही. ती जिथे सेव्ह केली तिथेच राहते, त्यामुळे निर्धास्तपणे करा.

एकच नाव काढायचं असेल तर ‘फाइल’, मग ‘ओपन’, मग ‘रीसेंट’मध्ये जा. नावावर राइट क्लिक करा आणि ‘रिमूव्ह फ्रॉम लिस्ट’ निवडा. त्या मेनूत कुठे ‘डिलीट’ असा शब्द दिसला तर त्याला हात लावू नका, ते वेगळं काम आहे. सगळी यादी साफ करायची असेल तर त्याच राइट क्लिकच्या मेनूत ‘क्लिअर अनपिन्ड’ने सुरू होणारी ओळ असते. ती निवडली की वर्ड एकदा विचारून खात्री करून घेतं. नावात ‘अनपिन्ड’ आहे ते लक्षात घ्या: ज्या फाइलींना टाचणी लावली आहे त्या जागच्या हलत नाहीत. मला हे फार सोयीचं पडतं. अर्जांचे कोरे नमुने मी टाचून ठेवते, बाकी सगळं एका फटक्यात जातं. पण कुणाची खाजगी फाइल घाईत टाचली गेली असेल तर आधी टाचणी काढा, नाहीतर ती तशीच दिसत राहील.

कॉम्प्युटर अनेकजण वापरत असतील तर यादी मुळातच दिसू नये अशी सोय करा. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असं जाऊन बरंच खाली ‘डिस्प्ले’पर्यंत या. तिथे किती रीसेंट डॉक्युमेंट्स दाखवायची तो आकडा असतो. नव्या आवृत्त्यांत तो सहसा 50 असतो, तो 0 करा. त्याच्या आसपास ‘क्विकली अ‍ॅक्सेस’ची चौकट आहे, तिथे टिक असेल तर काढा. रीसेंट फोल्डर्सचा आकडा वेगळा असतो, तोही 0 करा. हा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो आणि फोल्डरला पक्षकाराचंच नाव दिलेलं असतं! एकट्याच्या कॉम्प्युटरवर मात्र मी 0 करायला सांगणार नाही, रोजच्या कामात ती यादी खरंच उपयोगी पडते.

एवढं करूनही नावं उरतात, कारण विंडोज स्वतःची नोंद ठेवतं. खालच्या पट्टीवरच्या वर्डच्या चिन्हावर राइट क्लिक करून बघा, तीच नावं वर येतील. प्रत्येक नावावर पुन्हा राइट क्लिक करून ते यादीतून काढता येतं. सगळंच बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’, ‘स्टार्ट’ इथे जाऊन अलीकडे उघडलेल्या गोष्टी दाखवण्याचं बटण बंद करा. फाइल एक्सप्लोररच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘जनरल’ या पानावर ‘प्रायव्हसी’ आहे, तिथलं ‘क्लिअर’ दाबलं की त्याची यादीही रिकामी होते.

लिबरऑफिस रायटरमध्ये काम सोपं आहे. ‘फाइल’, ‘रीसेंट डॉक्युमेंट्स’, आणि तळाशी ‘क्लिअर लिस्ट’. मॅकवर वर्डच्या ‘फाइल’ मेनूतल्या ‘ओपन रीसेंट’मध्ये यादी साफ करायची ओळ मिळते. वर सफरचंदाच्या मेनूतलं ‘रीसेंट आयटम्स’ मात्र वेगळं साफ करावं लागतं.

गूगल डॉक्समध्ये मात्र हात आवरा. तिथे नावापुढच्या तीन टिंबांत ‘रिमूव्ह’ दिसतं आणि वर्डच्या सवयीने बोट तिकडे जातं. फाइल तुमची असेल तर ती यादीतून नव्हे, थेट कचरापेटीत जाते आणि 30 दिवसांनी कायमची पुसली जाते. चुकून गेलीच तर त्या मुदतीत ड्राइव्हच्या कचरापेटीत जाऊन ‘रिस्टोअर’ करा.