नव्या टर्बो गाडीचं काम शोरूममध्येच बिघडलं? या चुका टाळा

एमएच-१३ पासिंगची नवी टर्बो गाडी, मीटरवर जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा. बंपरला ठोकर बसली म्हणून शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दिली, आठवड्याने चकाचक होऊन आली आणि त्या दिवसापासून ओव्हरटेकला ओढच नाही. परत नेली तर लॅपटॉप लावून उत्तर मिळतं, "मालक, गाडी ओके आहे. सिस्टीममध्ये काही दाखवत नाही."

आय२० एन लाइन, क्रेटा एन लाइन, व्हर्टस जीटी असल्या गाड्यांचं आता सोलापुरात नवल राहिलेलं नाही. पण साध्या हॅचबॅकच्या सवयीने त्या खोलल्या-जोडल्या की खोड आत दडून बसते. विजापूर रोडवर चाळीसने चालवताना सगळं ठीक वाटतं, इंजिनाकडून पूर्ण ताकद मागितली की खोड बाहेर येते. त्यामुळे मालक आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात.

कारखान्यातून आलेला दोष वेगळा आणि दुरुस्ती करताना घातलेला दोष वेगळा, हे आधी डोक्यात पक्कं करा. पहिल्याची जबाबदारी कंपनीवर जाते. दुसरी चूक डीलरची, आणि ती सिद्ध करायची तर कुठल्या तारखेला काय खोललं याचा कागद लागतो. लोक इथेच कच्चे पडतात.

जॉब कार्डावर 'पिकअप कमी' एवढंच लिहू देणं

अ‍ॅडव्हायझर घाईत असतो. तुम्ही पाच मिनिटं सांगता आणि तो जॉब कार्डावर, म्हणजे गाडी घेताना भरायच्या कामाच्या नोंदीत, दोन शब्द टाइप करतो. त्या दोन शब्दांवर मेकॅनिक काय शोधणार? तो गाडी आवारात एक फेरी फिरवतो आणि 'दोष आढळला नाही' असं लिहून मोकळा होतो. पुढे वाद झाला की तेच वाक्य तुमच्याविरुद्ध उभं राहतं.

तक्रार घरूनच लिहून न्या. नमुना असा: 'इंजिन गरम, एसी चालू, तिसरा गिअर, दोन हजार आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर साडेतीन हजारांपर्यंत ओढ मिळत नाही. त्याच वेळी पुढून शिट्टीसारखा आवाज येतो. अमुक तारखेच्या बंपरच्या कामानंतर सुरू झालं. त्याआधी नव्हतं.' शेवटची दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची. हा मजकूर जॉब कार्डाच्या 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात जसाच्या तसा घ्यायला लावा, मीटर रीडिंग टाकून घ्या आणि प्रत हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटोही चालतो.

एरर कोड पुसू देणं

इंजिनाचा दिवा लागला की काँप्युटर नुसता कोड साठवत नाही. त्या क्षणाला वेग, आरपीएम, तापमान आणि इंजिनावरचा भार किती होता याची नोंदही ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. वर्कशॉपमध्ये दिवा विझवून गाडी परत देणं ही फार सोपी 'दुरुस्ती' आहे. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो आणि मागची नोंद मात्र गेलेली असते.

हजार-दोन हजार रुपयांत ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा, मोबाइलवर कोड वाचा, स्क्रीनशॉट काढा. पुसायचं बटण मात्र तुम्हीही दाबू नका. गाडी परत आल्यावर याच स्कॅनरवर 'रेडिनेस मॉनिटर' बघा, गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते त्यात दिसतं. ते अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली होती. मग विचारा, आधी कोणता कोड होता आणि त्यावर काम काय केलंत?

आमच्या एका मित्राच्या गाडीचं बंपरचं काम झालं आणि मग हेच नाटक सुरू झालं. कोड पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब मागितल्यापेक्षा कमी. वर्कशॉपने कोड पुसला आणि गाडी परत दिली, तेही एकदा नव्हे. शेवटी त्याने हट्ट धरून टेक्निशियनला लॅपटॉपसह शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी बाळे गावाच्या पुढे पुणे रस्त्याला काढली. स्क्रीनवर दोन रेषा होत्या: इंजिनाने मागितलेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आणि प्रत्यक्षात मिळालेला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पहिली रेष वर जायची आणि दुसरी अर्ध्यावरच लोळायची. टेक्निशियन स्वतःच म्हणाला, "हवा लीक आहे की हो."

रॅम्पवर घेऊन खालचं कव्हर काढलं तेव्हा इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होज पाइपच्या तोंडाशी अर्धचंद्राच्या आकाराचा तेलकट डाग होता आणि त्यावर काळ्या मातीची धूळ चिकटलेली. बंपर काढताना पाइप सोडवलेला, परत बसवताना क्लॅम्प कडेवरून अर्धा निसटलेला. टर्बोच्या हवेत तेलाचा बारीक अंश असतोच, हवा जिथून निसटते तिथे तो बाहेर येतो आणि धूळ धरून ठेवतो. क्लॅम्प नीट बसवला, गाडी पूर्ववत. सुटा भाग एकही बदलावा लागला नाही.

शेवटी काय खोललं होतं, हे न विचारणं

दुरुस्तीनंतर नवी खोड आली की पहिली शंका शेवटी हात लागलेल्या भागावर घ्या. शंभरातली बरीच कोडी इथेच सुटतात.

बंपर काढला असेल तर इंटरकूलरचे पाइप, पार्किंग सेन्सर आणि खालच्या कव्हरच्या क्लिपा तपासा. दोन क्लिपा कमी लावल्या की ऐंशीच्या पुढे कव्हर फडफडतं आणि लोक बेअरिंग गेलं म्हणून घाबरतात. सस्पेन्शनचं काम झालं असेल आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागा. पुष्कळ गाड्यांत त्यानंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरही काँप्युटरवरून पुन्हा सेट करावा लागतो. तो राहिला की ट्रॅक्शनचा दिवा लागतो. ब्रेकच्या कामानंतर पेडल स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा राहिली आहे. अशी गाडी गेटबाहेर काढूच नका.

टायर काढले असतील तर बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा 'आउटसाइड' हा शब्द वाचा. उलटे बसवलेले टायर मी शोरूमच्या आवारातच पाहिले आहेत. चाकाचे बोल्ट नुसत्या एअर गनने आवळू देऊ नका, टॉर्क रेंच वापरायला सांगा. किती न्यूटन मीटरला आवळायचे ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच युरोपीय गाड्यांना १२० ते १४०. जॅक लावायची जागाही बघा. साइड स्कर्टच्या गाड्यांची खालची कड चुकीच्या जॅकने चेपते आणि ते महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

सात रस्त्याच्या गर्दीत टेस्ट ड्राइव्ह

सिग्नल, रिक्षा आणि दुसरा गिअर. यात टर्बोचा दोष दिसणं शक्यच नाही. खोड जिथे दिसते त्या रस्त्यावर, त्याच वेळेला, टेक्निशियनला शेजारी बसवून चला. दुपारी दिसणारा दोष सकाळी नऊच्या थंड इंजिनावर शोधण्यात अर्थ नाही. यासाठी वेग मोडायची गरज पडत नाही, तिसऱ्या गिअरमध्ये ऐंशीच्या आतच बूस्ट पूर्ण येतो.

वर्कशॉपच्या बाजूनेही एक बोलायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसवर जातो. तापलेली हवा विरळ असते, शिवाय इंजिनाला जपण्यासाठी काँप्युटर इग्निशन मागे घेतो. त्या दुपारी गाडी डिसेंबरच्या पहाटेसारखी पळत नसेल तर तो दोष नव्हे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूला इंच-इंच सरकताना ड्राय क्लचचा (क्लच तेलात बुडलेला नसलेला) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापून हिसके देतो, तेही बऱ्याचदा त्याच्या रचनेमुळेच. शंका असेल तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी मागवून त्याच रस्त्यावर चालवून बघा. तीही तशीच चालली तर वाद तिथेच मिटवा.

दिवा लुकलुकत असताना पुण्याला निघणं

इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर सांभाळून वर्कशॉप गाठता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. अशा गाडीने अडीचशे किलोमीटर गेलात तर पुढच्या नुकसानीचं खापर तुमच्यावर फुटेल. रोडसाइड असिस्टन्सला फोन करा आणि गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागा.

पुण्याला न्यायचा विचार मात्र चुकीचा नाही. वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे त्या कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपकडे जायची मोकळीक तुम्हाला आहे. इथलं वर्कशॉप मोठ्या डीलरची छोटी शाखा असेल आणि लागणारं साधन तिथे नसेल, तर कंपनीच्या खर्चाने गाडी मोठ्या वर्कशॉपला हलवण्याची मागणी ईमेलने करा.

मध्येच ओळखीच्या मिस्त्रीकडे किंवा ट्यूनरकडे जाणं

मिस्त्री हुशार असेलही. पण त्याने एक पाना लावला की डीलरला "बाहेर खोललेली आहे" म्हणायला जागा मिळते. रीमॅप करून, म्हणजे ताकद वाढवायला गाडीच्या काँप्युटरचा प्रोग्रॅम बदलून, वॉरंटी क्लेमआधी कंपनीची मूळ स्टॉक फाइल परत टाकली तरी अनेक काँप्युटरमध्ये प्रोग्रॅम बदलल्याची नोंद उरते. भांडण चालू असताना गाडी कंपनीच्या अवस्थेतच ठेवा.

संध्याकाळी सातला डिलिव्हरी आणि डोळे मिटून सही

मालक कामावरून येतो, वर्कशॉप बंद व्हायच्या बेतात असतं, वॉशिंगचं पाणी अंगावर तसंच असलेली गाडी अंधारात उभी असते. "इथे सही करा." तो कागद म्हणजे काम समाधानकारक झाल्याची कबुली असते. गाडी उजेडात घ्या, अलॉयवरचे ओरखडे बघा, एक चक्कर मारा, मग सही. तेवढा वेळ देत नसतील तर सहीच्या वर लिहा: 'चालवून तपासलेली नाही, तक्रार कायम, हक्क राखून गाडी ताब्यात घेतली.' आणि त्या कागदाचा फोटो काढा.

वॉरंटीतलं फुकट काम असलं तरी शून्य रकमेचं बिल मागा. काय खोललं आणि कोणता पार्ट बदलला हे त्यात असतं. कंपनीच्या फीडबॅकमध्ये दहापैकी दहा गुण द्या म्हणून गळ घालणाऱ्यांना स्पष्ट सांगा, काम झाल्यावर देईन. दिलेले दहा गुण पुढे तुमच्याच विरुद्ध वापरले जाऊ शकतात.

"नीट होईपर्यंत गाडीच नेत नाही," असं म्हणून ती महिनाभर आवारात सोडणारेही आहेत. हप्ता चालूच राहतो, बॅटरी उतरते, आणि त्या दिवसांची भर वॉरंटीत आपोआप पडेल असं समजू नका. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा प्रश्न असेल तर न नेणंच बरोबर. बाकी वेळी निषेध नोंदवून गाडी घरी आणा.

फोनवरच भांडत राहणं

फोनवरचं बोलणं हवेत जातं. डीलरचा सर्व्हिस मॅनेजर आणि कंपनीचं कस्टमर केअर, दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या. तारीखवार भेटी, जॉब कार्ड क्रमांक, काय सांगितलं आणि काय झालं, एवढंच लिहा. वाजवी मुदत द्या. शिव्या आणि उपहास नको, तो ईमेल उद्या तिसरा माणूस वाचणार आहे. गाडीला गाढवं जुंपून शोरूमसमोर वरात काढणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. लाइक भरपूर मिळतात, क्लॅम्प आहे तिथेच राहतो.

ग्राहक आयोगाकडे उशिरा किंवा अर्धवट तयारीने जाणं

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. गाडीसाठी तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. गाडी पुण्यात घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. "बघू, करू" म्हणत ती निघून जाते.

डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मागणी वास्तवाला धरून ठेवा. वारंवार बिघडणारी नवी गाडी आपोआप बदलून मिळेल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मारुती उद्योगच्या २००६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींप्रमाणे सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढीच कंपनीची जबाबदारी धरली, सगळी गाडी बदलून देण्याची नाही. मूळ उत्पादनातलाच दोष असल्याचा दावा असेल आणि तो तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग गाडी तज्ज्ञ तपासणीला पाठवू शकतो, तशी मागणी सुरुवातीलाच करा. दुरुस्तीतल्या चुकीसाठी मात्र वर सांगितलेली जॉब कार्डं, स्क्रीनशॉट आणि ईमेलच कामाला येतात. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आणि गाडी टॉवेलच्या कारखान्याच्या किंवा फर्मच्या नावावर असेल, सोलापुरात करात घसाऱ्याची वजावट मिळावी म्हणून अशी खरेदी सर्रास होते, तर समोरचा पहिला आक्षेप 'व्यावसायिक हेतूने घेतलेली गाडी, हे ग्राहकच नव्हेत' हाच घेणार. गाडी मालकाच्या आणि घरच्यांच्या वापरात आहे हे दाखवणारे कागद तक्रारीसोबतच लावा.