होल्यांच्या घटत्या संख्येचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

ब्रिटनमधील टर्टल डव्ह या स्थलांतरी होल्याच्या संख्येवर काम करू पाहणाऱ्यांना निर्देशांक (सुरुवातीच्या वर्षाची संख्या 100 धरून पुढच्या वर्षांची संख्या दाखवणारा आकडा) कसा काढतात हे ठाऊक असतेच. 1962 ते 2000 या काळातील कॉमन बर्ड्स सेन्ससमध्ये निरीक्षक स्वतः जागा निवडत, तर 1994 पासूनच्या ब्रीडिंग बर्ड सर्व्हेत एक चौरस किलोमीटरचे चौकोन यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात. म्हणून या दोन मालिका जोडण्यापूर्वी दोन्ही गणना चालू असलेली वर्षे ताडून पाहावीत. 2001 मध्ये लाळ-खुरकुताच्या साथीमुळे शेतांत जाता येत नव्हते, ती पोकळी अंदाजाने भरू नये.

मला सर्वाधिक झुंजवले ते आलेखाच्या उभ्या अक्षाने. साध्या अक्षावर निर्देशांक 100 वरून 10 वर येतो तेव्हा रेषा कडा कोसळल्यासारखी दिसते. पुढे तोच 10 वरून 1 वर येतो तेव्हा रेषा जवळजवळ आडवी दिसते आणि घसरण थांबली असे वाटू लागते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा दहापैकी नऊ पक्षी नाहीसे झालेले असतात. लॉग अक्षावर, म्हणजे जिथे प्रत्येक दहापटीला सारखेच अंतर मिळते अशा अक्षावर, हे दोन्ही उतार सारखेच दिसतात. त्यामुळे लॉग अक्षावर आलेख काढल्याशिवाय ‘संख्या स्थिरावली’ हे वाक्य लिहूच नका. मग मार्गदर्शक कितीही घाई करोत. सॉफ्टवेअरने आपोआप काढलेल्या आलेखावर विसंबणारा मार्गदर्शक, माझ्या मते, या विषयासाठी योग्य नाही. घुमणे ऐकून पक्षी ओळखायला शिकवणारा अनुभवी निरीक्षक मिळाला, तर त्याला सोडू नका, कारण झुडपांत दडणारा हा पक्षी बहुतेकदा आवाजावरूनच नोंदला जातो.

सुरुवातीला आकडे अंगावर येतात, पण त्याने खचून जाण्याचे कारण नाही. 2021 च्या राष्ट्रीय गणनेत सुमारे 2,100 विणीची क्षेत्रे उरल्याचे दिसले, आणि इतक्या विरळ पक्ष्याच्या बाबतीत अनेक चौकोनांत शून्य येणारच. ते शून्य प्रामाणिकपणे नोंदवणे हेही काम आहे. कारणांकडे वळाल तेव्हा स्थलांतराच्या वाटेवर होणाऱ्या शिकारीपाशीच थांबू नका. 1960 च्या दशकाच्या तुलनेत 1990 च्या दशकात एका जोडीचे हंगामातील विणीचे प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले होते, आणि शेतातील तणांच्या बियांऐवजी आहारात पिकांच्या दाण्यांचे प्रमाण वाढले होते. हा दुवा नीट समजून घ्यायचा असेल, तर विणीच्या नोंदी संख्येच्या आलेखाशेजारी ठेवून वाचायला पहिल्याच महिन्यात सुरुवात करा.