मातीवरून मॅटवर जाताना आधी गुडघा तयार करा

कोकणातली पोरं कबड्डीत मागे पडतात ती कौशल्य नाही म्हणून नव्हे. भातकापणी उरकली की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात मे महिन्यापर्यंत मंडळांचे रात्रीचे सामने चालतात. घोटापकड, साखळी, हनुमान उडी तिथेच अंगात मुरते. घोडं अडतं ते मॅटवर, आणि तेही गुडघ्यात.

मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो. चढाईत झटकन वळलात तर तळपाय सरकतो आणि पिळाचा जोर तिथेच जिरतो. मॅटवर रबरी तळाचा बूट घट्ट धरून बसतो. पाऊल जागेवर, मांडी वळलेली, आणि सगळा पीळ एसीएल या लिगामेंटवर, म्हणजे गुडघ्याची हाडं आतून जोडून धरणाऱ्या दोरीवर. अनेकदा समोरच्याचा हातही लागलेला नसतो. कट असा आवाज येतो, काही तासांत गुडघा सुजतो. पुढे काही आठवड्यांत सूज उतरते, चालता येतं, आणि पोरगा पुन्हा मैदानात. इथेच आयुष्याचं नुकसान होतं. पूर्ण तुटलेलं एसीएल सहसा आपोआप पहिल्यासारखं जुळत नाही. तसंच खेळलात तर गुडघा मधेच निसटतो आणि आतली गादी फाटते. आवाज आणि सूज दोन्ही असतील तर तेल लावून चोळू नका. हाडांच्या डॉक्टरकडे जा, ते सांगतील तर एमआरआय करा.

संघनिवडीच्या ट्रायलच्या आधी किमान सहा ते आठ आठवडे मॅटची सवय लावा. जवळ मॅट नसेल तर जिल्हा क्रीडा संकुलात विचारा, आठवड्यातून दोन दिवस मिळाले तरी चालतील. पहिले दोन आठवडे समोर कुणीच नको, फक्त पावलं. एका पायावर गर्रकन फिरायचं नाही; तीन-चार छोट्या पावलांत वळायचं, गुडघा वाकलेला आणि पंजाच्या रेषेत, आत कोसळलेला नको. मग वेग वाढवा, नंतर एक बचावपटू, शेवटी पूर्ण संघ. जोडीला आठवड्यातून तीनदा एका पायावरची बैठक, प्रत्येक पायाला आठ, तीन वेळा. आणि नॉर्डिक हा मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम: गुडघ्यांवर उभं राहायचं, मित्राने टाचा दाबून धरायच्या, अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं, पाचच, पण तीन वेळा. बूट सपाट तळाचे. धावण्याच्या बुटांची टाच उंच असते, घोटा मुरगळतो. पावसाळ्याचे चार महिने मैदानं बंद असतात, यासाठी त्याहून चांगला काळ नाही. शाळेची पडवीही पुरते.

मॅटवर आणखी एक गुण फुकट जातो. गावच्या मैदानात फक्कीची रेषा पुसट होते, लॉबीकडे, म्हणजे दोन्ही कडांच्या पट्ट्यांकडे, दुर्लक्ष चालून जातं. मॅटवर झटापट सुरू होण्याआधी लॉबीत पाय गेला की चढाईपटू बाद. दहा मीटरच्या रुंदीतून दोन्ही बाजूंचा एकेक मीटर वजा करूनच सराव करा.

सुई टोचून, वेदनाशामक देऊन सलग तीन रात्री खेळवणारा माणूस मार्गदर्शक नाही, हे माझं ठाम मत आहे. त्याला करंडक हवा असतो. पुरुषांची वजनमर्यादा ८५ किलो. तिथे पोचायची घाई म्हणून कुणी दिलेली बिननावाची पावडर घेऊ नका. उत्तेजक सापडलं तर बंदी तुमच्यावर येते, देणाऱ्यावर क्वचितच.

दुखापत झालीच असेल तर खचू नका. २०२२ मध्ये प्रो कबड्डीतल्या तमिळ थलायवाज संघाने चढाईपटू पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं, पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला, अख्खा हंगाम बुडाला. २०२३ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६०.५ लाखांना घेतलं. पण शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत पकडीत उतरू नका. नऊ महिने झाले तरी एका पायाची लांब उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्के भरली तरच उतरा.

ते महिने कागदांसाठी वापरा. प्रो कबड्डीत २०२४ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत ९ लाख होती, पण तिथे जागा मोजक्या. बहुतेकांची चूल रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियमसारख्या संघांवर किंवा शासनाच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणावर चालते. त्या आरक्षणासाठी मंडळाच्या स्पर्धेची ढाल उपयोगाची नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयातून पडताळून घ्यावं लागतं. जाहिरात निघण्याची वाट न पाहता अर्ज आधीच द्या.